दोन घाट, सहा सायकली

शुक्रवार: पुणे ते पाचगणी

शर्यत दोन दिवसांची होती आणि दोन्ही दिवस घाटाचे. शनिवारी वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी. यात एकेकाला मिनिटामिनिटाच्या अंतराने सोडतात, ज्याला कमी वेळ लागला तो पुढे. टाइम ट्रायल म्हणतात ती हीच. रविवारी सगळ्यांनी एकदम पोलादपूरहून सुटायचं आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचं. दोन्हीकडे शर्यत वर चढून संपते, उतारावर शर्यत नाही. हे आयोजकांनी शहाणपणाचं केलं होतं. रस्ता काही आपल्यासाठी बंद नसतो. वळणावर समोरून एसटी येते, वाळूचा डंपर येतो, आणि सुट्टीच्या दिवशी पॉइंट बघायला निघालेल्या मोटारी येतात, ज्यांच्या चालकाचं अर्धं लक्ष दरीकडे असतं.

आमची टीम म्हणजे एकसारखी जर्सी शिवून घेतलेले सहाजण, एवढाच टीमचा पुरावा. एरवी भल्या पहाटे बोपदेव नाहीतर सिंहगडाच्या घाटात भेटायचं, चढायचं, खाली येऊन पोहे खायचे आणि नवाच्या आत कामाला लागायचं. मास्तर शाळेत शिकवतात. डॉक्टर दातांचे. सीए हे सीए आहेत आणि सायकलवरही सीएच असतात. ताई आयटीतल्या, आमच्यात सगळ्यात कमी बोलणाऱ्या. छोटू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, वजन अठ्ठावन्न किलो, आमच्यात खरा सायकलपटू तो एकटाच. आणि मी, बँकेत.

पिकअपमध्ये सायकली भरण्याचं काम मास्तरांचं. दोन फ्रेमच्या मध्ये जुनी गोधडी, पेडल काढून पिशवीत, आणि डिरेलर, म्हणजे मागे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, वरच्या बाजूला राहील अशा बेताने सायकल आडवी. डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो हँगर एवढासा असतो, पण वाकला तर दोन दिवसांची शर्यत तिथेच संपते. गाडी चालवायला मामा. ते सायकलला हात लावत नाहीत, गोधड्या मात्र मोजून देतात आणि मोजून परत घेतात.

खंबाटकी चढून सुरूर फाट्याला वळलो, वडांच्या झाडांखालून वाईत आलो, ढोल्या गणपतीला हात जोडले आणि अंधारातच पसरणी घाट गाडीने चढलो. उद्याचा रस्ता आदल्या रात्री गाडीतून बघू नये असं माझं मत आहे. गाडीतून घाट एकतर फारच सोपा वाटतो किंवा फारच लांब. छोटू मात्र खिडकीतून डोकं बाहेर काढून प्रत्येक वळण पाठ करत होता.

रात्री पिठलं, भाकरी, आणि शर्यत आहे म्हणून भात दुप्पट.

शनिवार: पसरणी

जानेवारीतली पाचगणी पहाटे साडेपाचला बोचते. खाली वाईला जाताना पिकअपच्या हौद्यात बसण्याऐवजी सायकलवरून उतरू असं छोटू म्हणाला. ताईंनी फक्त त्याच्या उघड्या बोटांकडे बघितलं. तो मुकाट पिकअपमध्ये बसला.

वाई साधारण सातशे मीटर उंचीवर आणि पाचगणी तेराशेच्या जरा अलीकडे. मध्ये अकरा-बारा किलोमीटरचा रस्ता. म्हणजे सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास. कागदावर हा आकडा गरीब दिसतो. पण पाच टक्के म्हणजे सगळीकडे पाच नव्हे. पसरणी गावापर्यंत रस्ता लाडीगोडी लावतो, तिथे जोरात गेलेला माणूस पुढे वळणावळणांवर व्याजासकट फेडतो. टाइम ट्रायलमध्ये पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, त्यामुळे पहिली दोन किलोमीटर आपण फारच चांगले सायकलपटू आहोत असं सगळ्यांनाच वाटतं.

सीएंनी आदल्या रात्री हिशोब मांडला होता. सायकल, पाणी आणि माणूस मिळून ऐंशी किलो धरा. पावणेसहाशे मीटर वर न्यायचे. चाळीस मिनिटांत न्यायचे असतील तर नुसती उंची गाठायलाच एकशे ऐंशी-नव्वद वॅट सतत द्यावे लागतात. रस्त्याचं घर्षण आणि हवा वेगळी. वेग कमी असल्यामुळे हवेचा वाटा इथे थोडा, जवळजवळ सगळा खर्च वजनाचा. म्हणून ऐंशीतला एक किलो कमी केला की चाळीस मिनिटांतलं अर्धं मिनिट वाचतं. हे सांगून झाल्यावर त्यांनी नवीन कार्बनचा बॉटल-केज, म्हणजे पाण्याची बाटली अडकवायचा खोबणा, दाखवला. वीस ग्रॅम वाचले होते. डॉक्टरांनी त्यांच्या पोटाकडे बघून विचारलं, "याचं काय करताय?" त्यावर सीए म्हणाले, "ते भांडवल आहे."

सातला पहिला रायडर सुटला. मी पसरणी गाव ओलांडलं तेव्हा उजाडलं होतं. शाहीर साबळे इथले. त्या वेळी मात्र मला ना पोवाडा आठवत होता ना काही; हृदयाचे ठोके एकशे बासष्टवर होते आणि ते तिथेच ठेवायचे एवढंच डोक्यात. गाव सुटलं की घाट सुरू होतो. खाली धोमचं पाणी दिसायला लागतं, आधी एक पट्टा, मग प्रत्येक वळणानंतर जरा मोठं. बुवासाहेबांच्या देवळाजवळ माकडांची टोळी कठड्यावर बसलेली होती. माकडांना सायकलवाल्यांची भीती नाही, कारण बारा-चौदाच्या वेगाने येणारा प्राणी त्यांच्या मते पळून जाणारा नाही. एकाने माझ्या जर्सीच्या मागच्या खिशाकडे फार रोखून बघितलं. खिशात राजगिऱ्याची चिक्की होती.

अर्ध्या घाटात माझ्या मागून एक मिनिटाने सुटलेला साताऱ्याचा पोरगा आला आणि निघूनही गेला. जाताना "काका, चला!" म्हणाला. त्याने ते प्रोत्साहन म्हणूनच म्हटलं असणार. हॅरिसन्स फॉली पॉइंटच्या खाली पाय भरून आले, तिथून वरपर्यंत मी फक्त पुढच्या वळणाशी बोलत गेलो.

पहिल्या क्रमांकाला तेहतीस मिनिटं आणि काही सेकंद लागले. छोटूला छत्तीस. डॉक्टर एकेचाळीस, ताई त्रेचाळीस, मास्तर चव्वेचाळीस, मी सेहेचाळीस, आणि सीए एकोणपन्नास, केजसकट. यात दाद द्यायची ती ताईंना. त्यांनी घाटाचे चार समान भाग पाडले होते आणि चारही भागांना लागलेल्या वेळात वीस सेकंदांचाही फरक नव्हता. आम्ही बाकीचे खाली कमवत होतो आणि वर गमवत होतो.

दुपार आळसात गेली. चेन पुसली, तेलाचा एकेक थेंब एकेका कडीवर सोडला, पाय भिंतीला लावून झोपलो. टेबल लँडवर घोड्यांची धूळ उडत होती, तिकडे कोणी फिरकलं नाही. शर्यतीच्या दोन दिवसांमधली दुपार फार चांगली असते. काहीही न करण्याला त्या दिवशी विश्रांती असं भारदस्त नाव असतं.

संध्याकाळी बैठक. सपाटीवरची शर्यत असली की टीमला अर्थ असतो. पस्तीसच्या वेगाला पुढच्याच्या चाकामागे लपलं की मागच्याची तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ताकद वाचते, म्हणून पाच जण मिळून एकाला ताजं ठेवू शकतात. घाटात दहा-बाराच्या वेगाला हा फायदा जवळजवळ संपतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, राजाची टीम म्हणत नाहीत. मग आमची योजना काय? मास्तर म्हणाले, पोलादपूर ते कापडे एवढाच रस्ता आपल्या उपयोगाचा. तिथे मी आणि हे बँकवाले पुढे राहतो, छोटूला मधोमध ठेवतो, चढ लागला की त्याला सोडून देतो. पुढे ज्याचा तो. डॉक्टरांनी स्वतःपुरतं वेगळं सांगितलं: पंचेचाळीसच्या वरच्या गटात त्यांना तिसऱ्या नंबरची संधी होती, म्हणून ते कोणाला ओढणार नाहीत. सगळ्यांनी मान्य केलं. मोकळेपणाने सांगितलेला स्वार्थ टीमला चालतो.

रविवार: आंबेनळी

पावणेचारला मामांनी दार वाजवलं. आंबेनळी आधी गाडीने उतरायचा होता, अंधारात. महाबळेश्वर मागे पडलं, मेटतळं गेलं, आणि मामांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली ती पोलादपूरपर्यंत काढली नाही. हौद्यात सायकली गोधड्यांसकट कुरकुरत होत्या. दाभिळ टोकाजवळ गाडीत कोणी बोलत नव्हतं. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस सहलीला महाबळेश्वरला निघाली होती, ती याच घाटात दरीत कोसळली. बसमधला एकच जण वाचला. हा घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं. उताराची शर्यत का ठेवली नाही, हे आयोजकांना कोणी विचारलंही नव्हतं.

रस्त्याकडेला दरडींच्या खुणा ठिकठिकाणी दिसतात. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हा हा रस्ताही जागोजाग गेला होता. नंतर दुरुस्त झाला. दुरुस्त केलेल्या ठिकाणी डांबर वेगळ्या रंगाचं आहे आणि कडेला बारीक खडी सुटलेली. ही खडी आमच्या गोष्टीत पुढे येते.

पोलादपूर कोकणात आहे हे गाडीचं दार उघडताच कळतं. वर दोन जर्सी आणि हातमोजे घातलेले, खाली उतरल्यावर दहा मिनिटांत सगळं पिशवीत गेलं. समुद्रसपाटीपासून फार वर नाही, सावित्रीचं खोरं, दमट हवा. गंमत म्हणजे ही सावित्री आम्ही आलो तिथूनच, महाबळेश्वरच्या डोंगरातून, निघते आणि पश्चिमेला येते. तिला उतरायला जे जमतं तेच आम्हाला चढायचं होतं. अडतीस-चाळीस किलोमीटर, आणि मध्ये तेराशे मीटर उंची. हायवेवरच्या टपरीवर चहा आणि वडापाव. शर्यतीआधी तळलेलं खाऊ नये असं ताई म्हणाल्या आणि उकडलेलं रताळं सोलायला लागल्या.

सत्तर-ऐंशी जण एकदम सुटले. योजना पाळली गेली, ही आमच्या टीमच्या इतिहासात नोंद करण्यासारखी गोष्ट. मास्तर आणि मी आलटून पालटून पुढे, मिनिटभर ओढायचं, कोपर हलवायचं, बाजूला व्हायचं. मागे छोटू, पाणी पीत, जवळजवळ कंटाळलेला. कापडे गाव गेलं, रस्त्याने डोकं वर काढलं, आणि मास्तर ओरडले, "जा रे!" तो गेला. पेडलवर उभा राहिला, पुढच्या दहाजणांत मिसळला, आणि दुसऱ्या वळणानंतर दिसेनासा झाला. माझं टीमचं काम अर्ध्या तासात संपलं होतं. उरलेला सगळा डोंगर माझा एकट्याचा.

आंबेनळीचं वेगळेपण असं की तो पसरणीसारखा सलग भेटत नाही. प्रतापगडाच्या अंगाने वर वर येतो, वाडा कुंभरोशीला जरा उसंत देतो, आणि चढ संपला असं वाटायला लागलं की महाबळेश्वरचा कडा समोर येतो. अफजलखानाने १६५९ मध्ये याच जावळीत उतरायचं कबूल केलं. त्याच्याबरोबर हत्ती आणि तोफा होत्या. माझ्याबरोबर नऊ किलोची सायकल होती आणि तरी मला तो निर्णय समजेना.

प्रतापगडच्या फाट्यावर, एका हॉटेलच्या बाकावर, डॉक्टर बसले होते. शर्यत चालू असताना. मांडीवर मागचं चाक, दातांत व्हॉल्व्हची टोपी, शेजारी कटिंग. त्यांची सायकल मागच्या चाकाविना भिंतीला टेकवलेली.

झालं होतं ते असं. त्या वेगळ्या रंगाच्या डांबरावर खडीने छोटूच्या मागच्या टायरला चिरलं. ट्यूबलेस टायर, भोक बुजवायला आत घातलेलं द्रव भसाभस बाहेर, चीर मोठी असल्यामुळे बाहेरून खोचायचा प्लगही धरेना. तेव्हा तो आठवा होता. पाच मिनिटांनी डॉक्टर आले. दोघांच्या सायकली डिस्क ब्रेकच्या, दोघांनाही चाक धरून ठेवणारा बारा मिलिमीटरचा दांडा, म्हणजे थ्रू-एक्सल, दोघांनाही अकरा गिअर. चाक एकाचं दुसऱ्याला बसतं. मास्तरांची सायकल जुनी, रिम ब्रेकची, त्यांचं बसलंच नसतं. सीए आणि मी तर कुठे होतो ते आम्हालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी एक्सल सैल केला, चाक काढून दिलं, वर बजावलं, "माझी कॅसेट चौतीसची आहे आणि तुझी चेन तीसच्या मापाने कापलेली. पुढची मोठी आणि मागची मोठी एकदम लावू नकोस, डिरेलर तुटेल." कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा; चौतीस आणि तीस हे त्यातल्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दाते. छोटू गेला. डॉक्टर त्याचं चाक घेऊन बसले, टायरला आतून पाचशेच्या नोटेची घडी लावली आणि ट्यूब टाकली. आधी दहाची काढली होती. हॉटेलवाल्या मावशी म्हणाल्या, मोठी जाड असते. तसं काही नसतं, पण डॉक्टरांनी ऐकलं.

"मोठं मन केलंत, डॉक," मी म्हणालो.

"मन-बिन काही नाही," ते म्हणाले. "पोरगं समोर उभं राहिलं रडवेलं होऊन. नाही म्हणता आलं नाही म्हणून दिलं. तिसरा नंबर होता माझा. मनापासून दिलेलं नाही, लिहून ठेव."

लिहून ठेवलं आहे.

त्यांना आता छोटूच्या चाकाने वर जायचं होतं, म्हणजे मागे सगळ्यात मोठं चक्र तीस दात्यांचं. पुढे चौतीस, मागे चौतीस असलं की पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, दोन मीटरच्या जरा वर. मागे तीस असलं की त्याच फेऱ्यात पाव मीटरहून जास्त अंतर ढकलावं लागतं. पाव मीटर ऐकायला काही नाही. चढावर तासभर प्रत्येक फेऱ्याला ते द्यावं लागलं की गुडघे त्याचा हिशोब ठेवतात, आणि डॉक्टर एक्कावन्नचे आहेत. कुंभरोशीनंतर मी त्यांच्याबरोबर राहिलो. पुढे राहून वारा अडवण्यात अर्थ नव्हता, वेगच तेवढा नव्हता. नुसतं शेजारी चालवत होतो. ते दर वळणाला छोटूच्या कॅसेटचा उद्धार करत होते आणि मी हुंकार देत होतो. घाटात टीमचा एवढाच उपयोग असेल, तर तो कमी नाही. शिव्या ऐकायला कोणी असलं की माणूस उतरून चालायला लागत नाही.

मेटतळ्याच्या खाली ताई गेल्या. दोन्ही हात हँडलच्या वर, तोंड बंद, श्वास नाकाने. आमच्या मागून आल्या म्हणजे आम्ही किती बसलो असू त्याचा अंदाज आला. "बरं आहे ना?" एवढंच विचारलं आणि त्याच वेगाने वर निघून गेल्या. बायकांच्या गटात त्या दुसऱ्या आल्या. दोन्ही दिवसांत आमच्या टीमला मिळालेली ती एकमेव ढाल.

पहिला आला तो पावणेदोन तासांच्या आत. छोटू दोन तासांना दोन मिनिटं कमी, नववा. चाक बदलण्यात आणि लय जुळवण्यात मिनिटं गेली, एरवी सहावा-सातवा आला असता असं त्याचं मत. डॉक्टर त्यांच्या गटात सातवे. मी आणि ते एकदमच पोचलो, अडीच तासांच्या जरा पुढे. मास्तर आधीच येऊन मका पॅटीस खात होते. सीए पाऊण तासाने आले, अतिशय प्रसन्न चेहऱ्याने, कारण वाटेत त्यांनी कुंभरोशीला झुणका-भाकरी खाल्ली होती.

बाजारात चणे घेतले, स्ट्रॉबेरी घेतली, ढालीचा फोटो काढला. परतीला पाचगणीपासून वाईपर्यंत गाड्यांची रांग, आणि खंबाटकीच्या बोगद्याआधी तासभर सगळं ठप्प. त्या तासात सीएंनी खर्चाची वाटणी केली. डिझेल, राहणं, खाणं, मामांचे पैसे, सगळं सहा भागांत. टायरमधली पाचशेची नोट कोणाच्या खात्यात टाकायची यावर वाद झाला. डॉक्टर म्हणाले टीमच्या. मास्तर म्हणाले छोटूच्या. सीए म्हणाले, नोट अजून चलनात आहे, टायर उघडल्यावर परत मिळेल, तेव्हा हा खर्चच नाही, ठेव आहे.

छोटू मागच्या सीटवर गप्प होता. कात्रज आलं तसं त्याने गळा साफ केला.

"डॉक, तुमचं चौतीसचं चाक पुढच्या रविवारपर्यंत राहू दे का माझ्याकडे? सिंहगडावर जरा बघतो म्हटलं."

डॉक्टरांनी मामांना गाडी बाजूला घ्यायला सांगितली, आणि पाना शोधायला लागले.